फुल एचडी आहे, मग स्क्रीन फिकी का दिसते?

दोन लॅपटॉप शेजारी शेजारी ठेवा, दोन्ही १५.६ इंची, दोन्हींवर १९२० बाय १०८० लिहिलेलं, आणि दोन्हींवर एकच फोटो उघडा. एकावर लाल शर्ट लालभडक दिसतो आणि दुसऱ्यावर तोच शर्ट विटकरी, धुवून धुवून रंग गेल्यासारखा. पिक्सेल मोजाल तर दोन्हीकडे सारखेच, २० लाख ७३ हजार ६००. मग फरक आला कुठून? रेझोल्यूशन फक्त ठिपके किती आहेत तेवढं सांगतं. तो एकेक ठिपका किती उजळ होतो, किती काळा होतो, कुठले रंग दाखवू शकतो, एका रंगावरून दुसऱ्यावर जायला किती वेळ घेतो, यातलं काहीच सांगत नाही, आणि स्क्रीन बघायला छान वाटते की नाही ते सगळं याच्यावर ठरतं.

आता रेझोल्यूशनला अजिबात किंमत नाही असंही नाही हां. पण त्याचा फायदा एका हद्दीपर्यंतच. नॉर्मल नजरेला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढं बारीक दिसतं असं धरतात, आणि ६० सेंटीमीटर अंतरावरून त्याचा हिशोब केला तर इंचाला १४५ च्या आसपास ठिपके येतात. १५.६ इंची फुल एचडीवर इंचाला १४१ असतात, १४ इंचीवर तेच १५७. म्हणजे बहुतेकांचं काम भागतं. नजर तेज असेल किंवा दिवसभर अक्षरंच वाचायची असतील तर १६ इंचात २५६० बाय १६०० घ्या, तिथे १८९ होतात आणि अक्षरांच्या कडा खरंच स्वच्छ दिसतात. पण १५.६ इंचात फोर-के म्हणजे २८२, पिक्सेल थेट चौपट, ग्राफिक्सवर लोड, बॅटरी लवकर खाली, आणि एवढं करून सगळं इतकं बारीक दिसतं की शेवटी स्केलिंग, म्हणजे सगळं मोठं करून दाखवायचं सेटिंग, २०० टक्क्यांच्या वर न्यावं लागतं. त्यापेक्षा तेच पैसे चांगल्या पॅनलला गेलेले बरे. १३६६ बाय ७६८ तेवढं टाळा, १५.६ इंचात ते इंचाला जेमतेम १०० भरतं.

बरं, आता स्वस्तातल्या लॅपटॉपच्या माहितीत हमखास सापडणारी एक ओळ घेऊ: "१५.६ इंच, फुल एचडी, अँटी-ग्लेअर, २५० निट्स, ४५ टक्के एनटीएससी". ही ओळ वाचता आली की अर्धं काम झालं, म्हणून उलटीकडून, शेवटच्या आकड्यापासून सुरू करतो, कारण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तोच लोक सोडून देतात.

एनटीएससी हे मुळात अमेरिकेतल्या रंगीत टीव्हीचं १९५३ सालचं स्टँडर्ड. त्यात रंगांचा एक पट्टा ठरवलेला होता, यालाच गॅमट म्हणतात, आणि त्याच्या तुलनेत हे पॅनल ४५ टक्के रंग दाखवतं एवढाच त्या आकड्याचा अर्थ. आज मात्र आपण वेबवर जे काही बघतो, फोटो, व्हिडिओ, साइट्स, ते बहुतेक सगळं एसआरजीबी हे रंगांचं स्टँडर्ड धरून बनवलेलं असतं, जे एचपी आणि मायक्रोसॉफ्टने १९९६ मध्ये आणलं. एसआरजीबीचा पट्टा एनटीएससीच्या साधारण ७२ टक्के भरतो. म्हणजे ७२ टक्के एनटीएससी लिहिलं असेल तर ते जवळपास १०० टक्के एसआरजीबी समजा, आणि ४५ टक्के लिहिलं असेल तर ४५ भागिले ७२, साधारण ६२-६३ टक्के एसआरजीबी. सरळ सांगायचं तर फोटोत जेवढे रंग आहेत त्यातला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त भाग त्या स्क्रीनला दाखवताच येत नाही. गडद लाल, गडद हिरवा, चांगला निळा, हे सगळे मग जवळच्या फिक्या रंगावर जाऊन बसतात. तो विटकरी शर्ट इथून आला.

आणि यावर सेटिंगमध्ये जाऊन काही इलाज नाही बरं का. कॅलिब्रेशनने चुकलेला रंग जागेवर आणता येतो, पांढऱ्यात निळसर झाक असेल तर ती काढता येते, पण जो रंग पॅनलला बनवताच येत नाही तो कुठलं सॉफ्टवेअर आणून देणार? सॅच्युरेशन वाढवलं की चेहरे भगवे होतात आणि लाल तिथेच राहतो.

मग कंपन्या असली पॅनल वापरतात तरी का? पैसे हे एक कारण आहेच, पण दुसरंही आहे. एलसीडीमध्ये मागून पांढरा लाइट येतो आणि पुढे लाल, हिरवे, निळे फिल्टर असतात. फिल्टर जितका गडद तितका रंग शुद्ध, पण तितकाच जास्त प्रकाश तो अडवतो, मग तेवढाच ब्राइटनेस हवा असेल तर मागचा लाइट जोरात लावावा लागतो आणि बॅटरी जाते. फिके फिल्टर लावले की लाइट स्वस्तातला चालतो आणि बॅटरीचा आकडा पण चांगला दिसतो. गिऱ्हाईक फुल एचडी वाचून खूश, कंपनी पण खूश.

ज्यांना फक्त मेल, शीट, कोडिंग एवढंच करायचंय त्यांना ४५ टक्के चालेल का, तर चालेल, पण तरी मी म्हणेन शक्यतो नको, कारण असं पॅनल बाकीच्या बाबतीत पण सहसा सुमारच असतं. फोटो, डिझाइन, ऑनलाइन विकायच्या वस्तूंचे फोटो टाकणं, असलं काही असेल तर १०० टक्के एसआरजीबीच्या खाली बघूच नका. त्याच्यावर डीसीआय-पी३ येतं, हे डिजिटल सिनेमाचं, अजून मोठं, विशेषतः लाल-हिरव्यात. ते हवं का? व्हिडिओचं काम करत असाल तर हो. नाहीतर एक गंमत होते, मोठ्या गॅमटच्या स्क्रीनवर साधा एसआरजीबी फोटो कलर मॅनेजमेंट नसलेल्या, म्हणजे फोटोचे रंग स्क्रीनच्या हिशोबाने जुळवून न घेणाऱ्या ॲपमध्ये उघडला तर सगळे रंग ताणले जातात, माणसं उन्हात भाजल्यासारखी लाल दिसतात. म्हणून असं पॅनल घेताना त्यात एसआरजीबी मोड आहे का ते विचारा.

कधी कधी माहितीत गॅमटचा उल्लेखच नसतो. निट्स आहेत, रिफ्रेश रेट आहे, रंगांबद्दल अवाक्षर नाही. मी तरी अशा वेळी तो आकडा वाईटच धरतो, कारण १०० टक्के एसआरजीबी असतं तर ते ठळक अक्षरात पहिल्या ओळीत आलं असतं ना राव.

रंगांबद्दल अजून दोन आकडे भेटतात. एक डेल्टा-ई, म्हणजे दाखवायला सांगितलेला रंग आणि प्रत्यक्षात दिसलेला रंग यातलं अंतर. २ च्या खाली असेल तर नुसत्या डोळ्याला फरक कळणं अवघड, ५ च्या वर गेलं की शेजारी ठेवल्यावर सहज कळतं. हे कॅलिब्रेशनने सुधारतं. दुसरा बिट्सचा. ६ बिट पॅनल स्वतःहून २ लाख ६२ हजार रंग दाखवतं, ८ बिट १ कोटी ६७ लाख आणि १० बिट १०७ कोटी. बरीच स्वस्त पॅनल ६ बिट असतात आणि दोन शेड भराभर आलटून पालटून दाखवून मधली शेड असल्याचा भास करतात. आकाशाच्या फोटोत निळा रंग गुळगुळीत उतरत जाण्याऐवजी पट्टे पट्टे दिसले तर समजा की शेड कमी पडतायत. पण बिट्स म्हणजे गॅमट नव्हे, त्याच पट्ट्याचे जास्त बारीक तुकडे केलेत एवढंच, म्हणून "१०७ कोटी रंग" वाचून हुरळून जाऊ नका.

आता त्या ओळीतले २५० निट्स. निट म्हणजे एका चौरस मीटरला एक कँडेला प्रकाश. घरात, खिडकीपासून लांब, २५० मध्ये भागतं, ३०० ला निवांत, ४०० च्या पुढे खिडकीजवळ पण नीट वाचता येतं, आणि बाहेर उजेडात बसून काम करायचं तर ५०० तरी हवेत. आपल्या डोळ्याला प्रकाश सरळ हिशोबात कळत नाही, त्यामुळे २५० आणि २८० मधला फरक जाणवणार नाही, २५० आणि ४०० मधला जाणवेल, पण दुप्पट निट्स म्हणजे दुप्पट उजेड असं काही वाटत नाही.

ब्राइटनेसच्या जोडीला कॉन्ट्रास्ट. सगळ्यात पांढरा भाग हा सगळ्यात काळ्या भागाच्या किती पट उजळ आहे ते. आयपीएस या नेहमीच्या एलसीडी पॅनलमध्ये साधारण १००० ते १५०० ला १, ओलेडमध्ये मागे लाइट नसतो, प्रत्येक पिक्सेल स्वतः उजळतो आणि काळा पिक्सेल बंदच होतो म्हणून आकडा अनंतच म्हणायचा. ऐकायला हा फरक प्रचंड वाटतो. पण खोलीतला उजेड पण स्क्रीनवर पडून परत येतो, आणि तो काळ्यावर पण पडतो, हे कोणी सांगत नाही. समजा स्क्रीन ३०० निट्सला लावलीय, आयपीएसचा काळा ०.३ निट आहे, ओलेडचा शून्य, आणि खिडकीच्या उजेडामुळे १० निट्स परावर्तन होतंय. तर आयपीएसचा कॉन्ट्रास्ट झाला ३१० भागिले १०.३, म्हणजे ३०. ओलेडचा ३१० भागिले १०, म्हणजे ३१. बस. एवढाच फरक उरला. तेच दिवे बंद करून रात्री पिक्चर बघा, परावर्तन जवळपास शून्य, आणि मग ओलेडसमोर आयपीएसचा काळा रंग राखाडी दिसतो. म्हणजे दिवसा उजेडात काम करणाऱ्याने कॉन्ट्रास्टच्या मागे पळण्यापेक्षा निट्स आणि कोटिंग बघावं, आणि रात्री सिनेमे बघणाऱ्याने उलटं.

कोटिंग म्हणजे त्या ओळीतला अँटी-ग्लेअर शब्द. मॅट स्क्रीन समोरचा उजेड विखरून टाकते त्यामुळे मागची खिडकी आरशासारखी दिसत नाही, पण मॅट स्वस्तातलं असेल तर पांढऱ्यावर बारीक रवाळपणा दिसतो. ग्लॉसीवर रंग खुलतात आणि सोबत तुमचा चेहराही दिसतो. टचस्क्रीन बहुतेक ग्लॉसीच असतात, काचेचा एकच पृष्ठभाग सुद्धा ४ टक्क्यांच्या आसपास प्रकाश परत फेकतो.

पॅनलचा प्रकार आता फार डोकेफोडीचा राहिलेला नाही. टीएन जुनं, स्वस्त, स्क्रीन जरा मागे-पुढे केली की रंग उलटेपालटे, नको. आयपीएस हिताचीने १९९६ मध्ये आणलं, यात लिक्विड क्रिस्टल पॅनलच्या पातळीतच फिरतात म्हणून बाजूने पाहिलं तरी रंग फारसे बदलत नाहीत. नाव वेगवेगळं दिसेल, एयूओ ही पॅनल बनवणारी कंपनी त्याला एएचव्हीए म्हणते, सॅमसंग पीएलएस, कुठे नुसतं "आयपीएस-लेव्हल" किंवा "वाइड व्ह्यू" लिहितात, जात साधारण एकच. फक्त आयपीएस लिहिलंय म्हणजे रंग चांगले असं धरू नका, ४५ टक्केवालं पॅनल पण आयपीएसच असू शकतं, आणि बऱ्याचदा असतंच. मिनी-एलईडीमध्ये मागचा लाइट शेकडो-हजारो भागांत विभागलेला असतो आणि काळ्या भागामागचा लाइट मंद होतो, २०२१ च्या १४ आणि १६ इंची मॅकबुक प्रोमध्ये हेच आलं. काळ्या पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की भोवती हलकं वलय दिसतं, पण ब्राइटनेस मात्र दणदणीत मिळतो.

ओलेडबद्दल जरा थांबून बोलायला हवं, कारण सध्या सगळे तेच घ्या म्हणतात. रंग, काळा, वेग, तिन्हीत ते पुढे आहे यात वाद नाही. पण प्रत्येक पिक्सेल स्वतः प्रकाश देतो, म्हणून पांढरी डॉक्युमेंट दिवसभर उघडी असतील तर वीज जास्त खातं, डार्क मोड वापरला तर कमी. टास्कबारसारखी एकाच जागी तासन्‌तास राहणारी गोष्ट वर्षानुवर्षे राहिली तर तिथले पिक्सेल जास्त झिजतात आणि डाग राहू शकतो, टास्कबार लपवून ठेवा आणि स्क्रीन लवकर बंद होईल असं सेटिंग करा, बरंच टळतं. शिवाय काही ओलेडमध्ये लाल-हिरवे-निळे उपपिक्सेल नेहमीच्या सरळ पट्टीत नसतात, त्यामुळे जवळून पाहिलं तर अक्षरांच्या कडेला रंगीत झालर दिसते. काहींच्या ते लक्षातही येत नाही, काहींना एकदा दिसलं की मग तेच दिसत राहतं.

आणि फ्लिकर. माझ्या मते गॅमटनंतर सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट हीच. ब्राइटनेस कमी करायच्या दोन पद्धती: एक म्हणजे खरोखर करंट कमी करायचा, दुसरी म्हणजे लाइट सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद करायचा आणि बंद वेळ वाढवायचा, म्हणजे डोळ्याला सरासरीने कमी उजेड वाटतो. दुसऱ्या पद्धतीला पीडब्ल्यूएम म्हणतात. बऱ्याच ओलेड लॅपटॉपवर हे सेकंदाला २४० वेळा होतं. काही लोकांना काही होत नाही, काहींचे डोळे दुखतात, डोकं धरतं, आणि ते बिचारे चष्म्याचा नंबर बदलून घेतात. तपासायला सोपं आहे: स्क्रीनवर पूर्ण पांढरं पान उघडा, ब्राइटनेस ३० टक्क्यांवर आणा, हे महत्त्वाचं कारण १०० टक्क्यांवर सहसा फ्लिकर दिसतच नाही, आणि फोनचा कॅमेरा प्रो मोडमध्ये टाकून शटर १/१००० किंवा त्याहून फास्ट करा. स्क्रीनवर काळे आडवे पट्टे सरकताना दिसले तर पीडब्ल्यूएम आहे, पट्टे जितके जाड आणि गडद तितकं जास्त त्रासाचं. प्रो मोड नसेल तर अंधारात स्क्रीनसमोर पेन भराभर हलवा, एक सलग पुसट छाया दिसण्याऐवजी सुटी सुटी पाच-सहा पेनं दिसली तर उत्तर तेच.

वेगाचं आता थोडक्यात. रिफ्रेश रेट ६० हर्ट्झ म्हणजे दर १६.७ मिलिसेकंदाला नवं चित्र, १२० म्हणजे ८.३, १४४ म्हणजे ६.९. पण पिक्सेलला रंग बदलायलाच ३०-३५ मिलिसेकंद लागत असतील, आणि स्वस्त आयपीएसमध्ये लागतात, तर आधीचं चित्र पुसलं जायच्या आत पुढचं येऊन पडतं आणि स्क्रोल करताना अक्षरं पसरतात. म्हणून नुसतं १४४ हर्ट्झ वाचून घेऊ नका, रिस्पॉन्स टाइम, म्हणजे हा रंग बदलायचा वेळ, कोणी मोजलाय का ते शोधा. जाहिरातीतले ३ मिलिसेकंद हा सगळ्यात अनुकूल सेटिंगमधला आकडा असतो. गेम खेळत नसाल तरी १२० हर्ट्झला साधं स्क्रोलिंग पण गोड वाटतं, हे मात्र खरं.

एचडीआर, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला जास्त मोठा फरक दाखवणारं चित्र, लिहिलेलं असेल तर "सपोर्ट" शब्द नीट वाचा. सिग्नल घेता येतो एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. व्हेसा या डिस्प्लेची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेच्या सर्टिफिकेटमध्ये डिस्प्लेएचडीआर ४०० ही सगळ्यात खालची पायरी, त्यात लाइट भागाभागाने मंद होण्याची अट नाही, म्हणून त्यात काही जादू दिसत नाही. ओलेडसाठी ट्रू ब्लॅक नावाची वेगळी पायरी आहे, तिला अर्थ आहे.

हे सगळं कळलं तरी एक अडचण उरते. एकाच मॉडेलच्या नावाखाली कंपन्या दोन-तीन वेगवेगळी पॅनल घालतात, एकात ४५ टक्के, एकात १०० टक्के, डबा तोच. त्यामुळे "हे मॉडेल मस्त आहे" हा रिव्ह्यू वाचून घेतलेला लॅपटॉप फिका निघू शकतो. रिव्ह्यू वाचताना मॉडेलचा पूर्ण लांब नंबर जुळतो का बघा, नोटबुकचेकसारख्या ठिकाणी पॅनलचा कोड आणि मोजलेले निट्स, गॅमट, पीडब्ल्यूएम, रिस्पॉन्स सगळं देतात, लेनोव्होसारखी कंपनी तर स्वतःच्या पीएसरेफ नावाच्या साइटवर एका मॉडेलचे सगळे स्क्रीन पर्याय गॅमटसकट मांडते. आणि हातात आला की विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये मॉनिटर्स, मग डिटेल्स, मग हार्डवेअर आयडी बघा. तिथे तीन अक्षरं आणि चार आकडे-अक्षरांचा कोड मिळतो, पहिली तीन अक्षरं पॅनल बनवणाऱ्या कंपनीची. बीओई म्हणजे बीओई, एयूओ म्हणजे एयूओ, एलजीडी म्हणजे एलजी डिस्प्ले, सीएमएन म्हणजे इनोलक्स, एसडीसी म्हणजे सॅमसंग डिस्प्ले. तो कोड सर्च केला की तुमच्या नशिबी नेमकं काय आलंय ते कळतं.

परत करायची मुदत संपायच्या आत एक रात्रीची तपासणी पण उरकून घ्या. खोलीत पूर्ण अंधार, स्क्रीनवर पूर्ण काळं चित्र, ब्राइटनेस निम्म्यावर. कोपऱ्यातून किंवा कडेने उजेड झिरपताना दिसला तर जरा डोकं हलवून, लांब जाऊन बघा. डोकं हलवल्यावर तो उजेड जागा बदलत असेल, कमी-जास्त होत असेल तर तो आयपीएसचा ग्लो, ती त्या पॅनलची जातच आहे, बदलून घेतला तरी दुसऱ्यातही तेच येणार. पण डाग एकाच जागी ठाम राहिला तर तो बॅकलाइट ब्लीड, फ्रेम नीट बसलेली नाही, आणि तो डोळ्यात भरण्याएवढा असेल तर बेलाशक बदलून मागा.